शिक्षक आपल्याच वर्गाचा शोध घेतो तेव्हा

संशोधन हा शब्द कानावर पडला की आपल्यापुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. पांढरा डगला घातलेले शास्त्रज्ञ, काचेच्या नळ्या, सूक्ष्मदर्शक. नाही तर एखाद्या मोठ्या ग्रंथालयात जाड चष्मा लावून बसलेले पंडित. हे काम आपल्यासारख्यांचे नव्हे, असे मनाशी म्हणून आपण पुढे चालू लागतो. पण जरा विचार करून पाहा. आपल्याकडचा भाताचा शेतकरी नवे बियाणे आले म्हणून सगळी जमीन त्याच्या हवाली करीत नाही. एका खाचरात नवे लावतो, शेजारच्या खाचरात नेहमीचे ठेवतो. दोन्हींना पाऊस एकच, खत एकच. मग लोंब्या पाहतो, दाणा दाताखाली धरून बघतो, आणि पुढच्या सालाचे काय ते ठरवतो. शेजारचे खाचर तो जुन्या बियाण्याचे का ठेवतो? कारण नुसते नवे पीक चांगले आले एवढ्यावरून काहीच कळत नाही. कदाचित त्या साली पाऊसच चांगला झाला असेल. या शेतकऱ्याकडे पदवी नसेल, पण त्याने केले ते संशोधनच.

शिक्षकाने आपल्या वर्गाकडे या शेतकऱ्याच्या नजरेने पाहावे काय, आणि पाहायचे तर कसे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय तसा आजचाच आहे. आमच्या डोंबिवली-कल्याण भागातून रोज सकाळी लोकल पकडून शिकायला आणि शिकवायला जाणाऱ्यांत बी.एड., एम.एड. किंवा शिक्षणशास्त्राचे एम.ए. करणारी पुष्कळ तरुण मंडळी असतात. काही जण आधीच कुठल्या तरी शाळेत शिकवत असतात. अशा नोकरी करणाऱ्या शिक्षकांना १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने पदवीची वाट मोकळी करून दिली. २०१४ च्या राष्ट्रीय नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले, आणि त्यात निदान २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढायचे ठरवले. याला आंतरवासिता म्हणतात. या काळात छात्राध्यापकाला पाठ तर घ्यावे लागतातच, पण त्याखेरीज आणखी एक काम त्याच्या वाट्याला येते. त्याचे नाव कृतिसंशोधन.

नाव भारदस्त आहे, पण अर्थ सोपा आहे. आपल्या कामात आलेली अडचण आपणच नीट पाहायची, तिचे कारण शोधायचे, एक उपाय करून बघायचा, काय घडले ते लिहून ठेवायचे आणि त्यावरून आपली पुढची कृती सुधारायची. जर्मनीतून अमेरिकेत गेलेले मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४६ साली ही कल्पना शास्त्रीय भाषेत मांडली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील स्टीफन कोरी यांनी १९५३ साली ती शाळांसाठी पुस्तकरूपाने आणली. पुढे १९७५ साली इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस यांनी शिक्षक हाच संशोधक असला पाहिजे असा आग्रह धरला. बाहेरच्या पंडिताने वर्षातून एकदा वर्गात डोकावून जे कळणार नाही, ते रोज त्या वर्गात उभा राहणाऱ्याला कळू शकते. फक्त त्याने ते पाहायला हवे.

परंतु ही गोष्ट आपल्याला परदेशातूनच शिकावी लागली असे मात्र नाही. आपल्याच परिसरात याचे उत्तम उदाहरण घडून गेले आहे. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी गावी आल्या. तिथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे काम डहाणूजवळ कोसबादच्या टेकडीवर गेले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली मुले काही येईनात. आता अशा वेळी आपण काय म्हणतो? "या लोकांना शिक्षणाची आवडच नाही." ताराबाई आणि अनुताई असे म्हणाल्या नाहीत. मुले शाळेत का येत नाहीत, हा प्रश्न त्यांनी उलटा करून घेतला: शाळा मुलांकडे का जात नाही? मग त्यांनी वस्तीतल्या अंगणातच बालवाडी भरवली. तीच अंगणवाडी. १९७५ साली केंद्र सरकारने देशभर बालविकासाची योजना सुरू केली तेव्हा हेच नाव घराघरांत पोहोचले. वारल्यांची मुले गुरे राखायला जातात असे दिसल्यावर कुरणातच शाळा भरू लागली, ती कुरणशाळा. मोठ्या बहिणी धाकट्या भावंडांना सांभाळण्यात अडकतात असे दिसले, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली, ती विकासवाडी.

यातली खुबी ध्यानात घ्या. प्रश्न "मुलांचे काय चुकते?" असा राहिला नाही, "आमच्या पद्धतीत काय बदलता येईल?" असा झाला. आपल्या वर्गाच्या संशोधनाचा सगळा प्राण या एका वळणात आहे. छात्राध्यापकांच्या वह्यांत विषय कसे असतात पाहा: "इयत्ता पाचवीच्या विद्यार्थ्यांच्या शुद्धलेखनातील चुका", "इयत्ता सातवीच्या विद्यार्थ्यांची गणितातील अनास्था". सगळीकडे विद्यार्थीच आरोपीच्या पिंजऱ्यात. शिक्षक त्या वाक्यात कुठेच नाही! खरे म्हणजे संशोधन स्वतःच्या शिकवण्याचे करायचे असते.

आता हे प्रत्यक्षात कसे करावे, ते एका साध्या उदाहरणाने पाहू या. तुम्हाला आठवत असेल, २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकावरून महाराष्ट्रात मोठा गलबला झाला होता. सत्तावीस या नेहमीच्या नावाच्या जोडीला "वीस सात" असे वाचायची पद्धत पुस्तकात दिली होती. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे असे होते की, जोडाक्षरांनी भरलेली आणि उलट्या क्रमाने बोलली जाणारी संख्यानामे लहान मुलांना जड जातात. दुसऱ्या बाजूने भाषेचा अभिमान, परंपरा, थट्टा असे सगळे पुढे आले. वर्तमानपत्रांत आणि विधिमंडळातही चर्चा रंगली. मतांना तोटा नव्हता. पण एखाद्या शिक्षकाने त्या दिवसांत एवढेच ठरवले असते की, "मी माझ्या वर्गात जाऊन मोजून पाहतो," तर त्याच्या हाती वादापेक्षा कितीतरी मोलाची वस्तू आली असती.

ती कशी, ते सांगतो. समजा, दुसरीच्या वर्गात ४० मुले आहेत. शिक्षकाने २० संख्या सांगायच्या आणि मुलांनी अंकांत लिहायच्या. नेहमीची तपासणी असती तर बरोबर-चूक अशा खुणा करून गुण देऊन आपण मोकळे झालो असतो. संशोधकाने तसे करून भागत नाही. त्याने चुकांच्या जाती लावायच्या. एक मूल पंचवीस ऐकून ५२ लिहिते. दुसरे एकोणतीस ऐकून ३९ लिहिते. तिसरे बावन्न आणि बासष्ट यांत गोंधळते. आणखी थोडे पुढे गेलेले मूल एकशे पाच हे १००५ असे लिहिते. गुणपत्रिकेत या चारही चुकांना शून्यच मिळते. पण चौघांचे दुखणे वेगळे आहे, आणि म्हणून औषधही वेगळे.

पहिल्या मुलाचे कान अगदी शाबूत आहेत. पंचवीस म्हणताना आपण आधी पाच म्हणतो, मग वीस. मुलाने जे ऐकले त्याच क्रमाने लिहिले. जर्मन भाषेतही पाच-आणि-वीस असेच बोलतात आणि तिथल्या मुलांनाही हीच अडचण येते. उलट कन्नड, तेलुगू, इंग्रजी यांत दशक आधी येतो. दुसऱ्या मुलाला तीस ऐकू आले म्हणून हाताने ३ काढला आणि शेवटी नऊ येतो हे माहीत होते म्हणून ९ जोडला. एकोण म्हणजे "एकाने कमी" हे त्याला कुणी उलगडून सांगितलेले नाही. चौथ्याने शंभर लिहिले आणि पुढे पाच लिहिले. त्याच्या दृष्टीने ते सरळच आहे. म्हणजे चूक ही मूर्खपणाची खूण नसून विचाराची खूण असते. तो विचार काढून घ्यायचा तर मुलाजवळ बसून रागावल्याशिवाय विचारावे लागते: "बाळ, हे तू कसं लिहिलंस, मला सांग बरं."

आणखी एक गमतीची गोष्ट अशी की, काही मुले आधी ५ लिहितात आणि मग त्याच्या डाव्या बाजूला २ घालतात. वहीत शेवटी २५ च दिसते. वही तपासणाऱ्याला वाटते, सारे ठीक आहे. लिहिणाऱ्या हाताकडे पाहणाऱ्यालाच खरे काय ते कळते. अशा मुलाला पुढे तीन-चार अंकी संख्या आल्या की ठेच लागते, आणि तेव्हा आपण म्हणतो, "चौथीपर्यंत चांगला होता हो, नंतर बिघडला."

निदान झाले की एकच बदल करायचा. पाच उपाय एकदम केले तर कशाने गुण आला ते समजत नाही. उलटे अंक लिहिणाऱ्यांसाठी समजा असे ठरवले: संख्या ऐकली की मुलाने आधी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या मांडायच्या, "वीस आणि पाच, पंचवीस" असे म्हणायचे, आणि मगच लिहायचे. हे तीन आठवडे रोज दहा मिनिटे केले. मग पुन्हा चाचणी घ्यायची. पण त्याच २० संख्या देऊन नव्हे, कारण त्या पाठही झालेल्या असतील. नव्या संख्या द्यायच्या. आणि उपाय थांबवल्यावर महिनाभराने पुन्हा एकदा पाहायचे, कारण काल शिकवले ते आज येणे वेगळे, आणि ते अंगी मुरणे वेगळे.

इथे आपल्या शेतकऱ्याचे दुसरे खाचर आठवा. मुले तर वाढतच असतात. तीन आठवड्यांत काही मुले आपोआपच सुधारतील. मग सुधारणा काड्यांमुळे झाली की दिवसांमुळे? शेजारच्या तुकडीतल्या मुलांनी त्याच दोन चाचण्या दिल्या तर तुलना करता येते. मात्र मुले म्हणजे भात नव्हेत. उपाय चांगला ठरला तर तो त्या दुसऱ्या तुकडीलाही मागाहून मिळालाच पाहिजे, हे कर्तव्य शेतकऱ्याला नसते, शिक्षकाला असते.

आता कळीच्या मुद्द्याकडे येतो. पदवीसाठी लिहिल्या जाणाऱ्या अशा वह्यांचा शेवट फार वेळा एकच असतो. पूर्वचाचणीत मुले कच्ची, उत्तरचाचणीत मुले पक्की, निष्कर्ष: उपाय यशस्वी. तेव्हा मनात येते, इतके उपाय जर खरोखर यशस्वी होत असते, तर आपल्या शाळांतली मुले आज कुठल्या कुठे गेली असती! असे का होते? छात्राध्यापकाला वाटते, उपाय फसला असे लिहिले तर गुण जातील. आंतरवासितेचे दिवस संपत आलेले असतात. जुनी वही कुणाकडून तरी मिळते. आकडे थोडे इकडचे तिकडे केले की काम भागते. कुणाचे काय बिघडले, असेही वाटेल.

पण बिघडते. समजा, आधी १८ मुले अंक उलटे लिहीत होती आणि उपायानंतर ७ राहिली. "लक्षणीय सुधारणा" असे लिहून वही मिटता येते. प्रामाणिक शिक्षक मात्र पुढचा प्रश्न विचारतो: ही सात कोण? कदाचित असे निघेल की, त्यांतली चार मुले या तीन आठवड्यांत निम्मे दिवस आलीच नव्हती. आपल्या जिल्ह्यात दिवाळीनंतर कित्येक कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात, मुलेही आईबापांबरोबर जातात. त्या मुलांपर्यंत काड्या पोहोचल्याच नाहीत. म्हणजे उपाय फसला नव्हता. तो त्यांना मिळालाच नव्हता. ही गोष्ट सरासरीच्या आकड्यात बुडून जाते. आणि ज्या वहीत सगळेच यशस्वी असते, त्या वहीत या मुलांना जागाच नसते. खोट्या यशाची किंमत छात्राध्यापक देत नाही, मार्गदर्शक देत नाही. ती किंमत शेवटच्या बाकावरचे मूल देते.

म्हणून शिक्षक-महाविद्यालयांतील मार्गदर्शकांना माझी विनंती आहे: गुण यशाला देऊ नका, पाहणीच्या खरेपणाला द्या. "हा उपाय मी केला, फरक पडला नाही, आणि कारण मला असे वाटते," असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची पाठ थोपटा. पुढच्या वर्षी दुसरा कुणी त्याच खड्ड्यात पडणार नाही, ही काय लहान मिळकत झाली?

संशोधन केवळ गणिताचेच असते असे नाही. आपण प्रश्न कुणाला विचारतो, हे पाहणे तर फार सोपे आहे. एखाद्या सहकाऱ्याला मागे बसवा आणि वर्गाच्या नकाशावर, ज्या मुलाला प्रश्न विचारला त्याच्या जागी एक रेघ ओढायला सांगा. तासाच्या शेवटी रेघा पुढच्या दोन रांगांतच दाटलेल्या दिसल्या, तर कुणी काही सांगायची गरज उरत नाही. दुसरी पाहणी वेळेची. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी शिक्षकांचे पाठ ध्वनिमुद्रित करून १९७० च्या दशकात दाखवून दिले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतो. तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येतात, आणि एरवी गप्प बसणारीही बोलू लागतात. आता ध्वनिमुद्रणाचे यंत्र प्रत्येकाच्या खिशातच असते. आपलाच एक तास मोबाइलवर मुद्रित करून घरी ऐका. आपणच किती बोलतो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल.

भाषेचेही तसेच. डोंबिवलीच्या आसपासच्या गावांतले मूल घरी आगरी बोलते, चाळीतले एखादे खानदेशी, तर एखादे हिंदी. ते वर्गात तोंड उघडते आणि आपण पहिल्याच वाक्याला "असं नाही म्हणायचं" म्हणून थांबवतो. असे आपण दिवसातून किती वेळा करतो आणि त्यानंतर ते मूल पुन्हा किती वेळा बोलते, हे कधी मोजले आहे काय? अमेरिकेतून आलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी पीएच.डी.साठी फलटणच्या लोकांच्या बोलण्याचा अभ्यास केला. तो प्रबंध कपाटात ठेवून त्या परत गेल्या नाहीत. तिथेच राहिल्या, भारताच्या नागरिक झाल्या, दलित वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवू लागल्या, आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. सगळी वर्णमाला आधी घोकून न घेता थोडी अक्षरे आणि मात्रा घेऊन लगेच अर्थाचे शब्द वाचू द्यायचे, ही त्यांची पद्धत मुलांबरोबर काम करता करताच घडत गेली. पदवीचा अभ्यास माणसाला वर्गापर्यंत आणून पोहोचवतो तो असा.

आता तुम्ही म्हणाल, "गुरुजी, हे बोलायला ठीक आहे. वर्ग भरलेला, निवडणुकीची कामं, माहिती भरायची कामं. वेळ आणायचा कुठून?" तक्रार खरी आहे. म्हणून मी जाड प्रबंध लिहा असे म्हणत नाही. एक साधी वही ठेवा. वर्षाला एकच प्रश्न घ्या. आठवड्याला पाच मुलांकडे नीट पाहा आणि रोज चार ओळी लिहा. मात्र काही पथ्ये पाळा. मुलांची खरी नावे बाहेर जाऊ देऊ नका. "मंद", "ढ" असले शिक्के वहीतही मारू नका, कारण वहीतला शिक्का कपाळावर यायला वेळ लागत नाही. पालकांना सांगा, मुख्याध्यापकांना विचारा. आणि जे सापडेल ते शिक्षक परिषदेत चार जणांपुढे मांडा.

गावोगावच्या पालकांनाही दोन शब्द. तुमच्या शाळेत नवा छात्राध्यापक आला आणि मुलांजवळ बसून "हे कसं केलंस?" असे विचारू लागला, तर हा शिकवायचे सोडून काय करतो आहे, असे म्हणू नका. तो शिकवण्याचाच पाया घालतो आहे. त्याला विचारा, "आमच्या मुलाचं कुठं अडतं, ते तुम्हाला दिसलं का?" मुलाला किती टक्के मिळाले, या प्रश्नापेक्षा हा प्रश्न कितीतरी मोठा आहे. ज्या शिक्षकाला त्याचे उत्तर देता येते, त्याने आपला वर्ग खरोखर पाहिला असे समजावे. पदवीचा कागद त्याला आज ना उद्या मिळेलच. पण पंचवीस ऐकून बावन्न लिहिणाऱ्या त्या मुलाजवळ कुणी तरी या वर्षीच बसायला हवे.